दिसायला सोपं साधन

“सगळ्यांनी आधी डोळे मिटा,” निनाद प्रभावळकर म्हणाला, “आणि एका अंधाऱ्या जंगलाची कल्पना करा.”

खोलीत आमच्या शाळेच्या दहा-बारा मुली होत्या आणि मी. आमच्यापैकी एकीलाही दिसत नव्हतं. कुणीतरी दबक्या आवाजात हसली. मागच्या बाकावरून शमीम मुलाणीचा आवाज आला, “मिटले, सर. आता उघडू का?”

यावर कुणीही शहाण्या माणसानं हसून विषय बदलला असता. निनाद म्हणाला, “नाही, अजून थोडा वेळ.”

मी ललिता पाटणकर. तेव्हा कराडच्या किरण कन्यासदनात मराठी आणि संगणक शिकवत होते. अंधांच्या संस्थांना उजेडाचीच नावं का देतात हे मला आजवर कळलेलं नाही. मी स्वतः अशाच एका उजेडाच्या नावाच्या शाळेत शिकले. नजर गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की ती कशी असते हे आठवायचं म्हटलं तरी मला आठवत नाही, आणि आठवावंसं कधी वाटलंही नाही. लोकांना मात्र तसं वाटलेलं हवं असतं.

त्या वर्षी एका कंपनीनं आम्हाला नवे संगणक दिले. संगणक दिले म्हणजे त्यांचं काहीतरी झालेलं दिसायला हवं, म्हणून मुलींनी संगणकावर गोष्टींचे खेळ लिहायचे आणि शनिवारी कंपनीच्या साहेबांसमोर दाखवायचे असं ठरलं. गोष्टीचा खेळ म्हणजे काय, तर गोष्ट मध्येच थांबते आणि वाचणाऱ्याला विचारते, आता काय करायचं? तुम्ही जे निवडाल तिकडं गोष्ट वळते. सगळा मामला शब्दांचा. चित्र लागत नाही, नेम धरायला लागत नाही, पळणाऱ्या माणसाला उडी मारायला लावायची नसते. सगळ्या संगणकी खेळांमध्ये आमच्यासाठी कुणी मुद्दाम केल्यासारखा एवढा एकच प्रकार आहे. म्हणून मी या कल्पनेवर खूश होते. तो शिकवायला पुण्याहून माणूस येणार म्हटल्यावर जरा जास्तच खूश होते.

तर हा तो माणूस. परदेशात शिकून आलेला, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं थांबणारा, म्हणजे ऐकणाऱ्याला मान डोलवायला वेळ मिळावा. त्याच्यासोबत दोन मदतनीस होते आणि ‘कथाचित्र’ नावाचं एक साधन होतं, जे त्याच्याच कंपनीनं बनवलं होतं.

“लिहिणाऱ्यांनी कधीच संगणक हाताळला नसला तरी चालेल,” तो म्हणाला. “इतकं सोपं आहे. हे बघा, हा निळा चौकोन म्हणजे गोष्टीचा एक तुकडा. याला माउसनं असं उचलायचं, इकडं ठेवायचं आणि याच्यापासून त्या हिरव्या चौकोनापर्यंत बाण ओढायचा. झालं.”

आमच्या संगणकांत पडदा वाचून दाखवणारा एक आवाज असतो. तो घशात बोळा अडकल्यासारखा मराठी बोलायचा, म्हणून मुलींनी त्याचं नाव दगडूमामा ठेवलं होतं. मुलींनी कथाचित्र उघडलं. दगडूमामा म्हणाला, ग्राफिक. पुढं सरकल्यावर म्हणाला, ग्राफिक. मग सगळ्या खोलीत सगळे दगडूमामा एकदम सुरू झाले, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, जणू बेडकांचं तळं.

निनादला मी सांगितलं, की यातलं आम्हाला काहीच ऐकू येत नाही. चौकोन नाही, बाण नाही, अक्षरंही नाहीत. त्यानं माउस दोनदा टिकटिकवून पाहिला. मग म्हणाला, “हरकत नाही ताई. मुली तोंडी सांगतील. आमची मुलं चौकोन ओढतील.”

तो सगळ्या बायकांना ताई म्हणायचा. त्यात बहिणीला काही जागा नव्हती.

दुपारी मी सचिवांच्या खोलीत गेले. आमचे सचिव शेणोलीकर साहेब भले गृहस्थ होते, म्हणजे भांडण सुरू झालं की चहा मागवायचे. निनाद तिथंच बसला होता. मी म्हटलं, की या खेळांसाठी मी दोन महिने वेगवेगळी साधनं वापरून पाहिली आहेत आणि त्यातलं एक मुलींना जमेल.

खरंच पाहिली होती. एका साधनात तुम्ही खोल्या, दारं, कुलपं, किल्ल्या सगळं वाक्यांमध्ये सांगता आणि संगणक त्याचं जग करतो. फार देखणं काम, पण ती वाक्यं पक्क्या इंग्रजीतच लागत. आमच्या मुलींनी गोष्ट लिहायच्या आधी इंग्रजी शिकायचं आणि मग म्हातारपणी गोष्ट लिहायची, असा तो प्रकार झाला असता. दुसरं एक चौकोन आणि बाणांचंच होतं. तिसरं मात्र अगदी साधं. साध्या कोऱ्या फाइलीत लिहायचं. पर्याय असेल तिथं ओळीच्या सुरुवातीला तारा, म्हणजे चांदणीचं चिन्ह, द्यायचा, आणि तो निवडल्यावर गोष्ट कुठं जाणार त्या तुकड्याचं नाव ओळीच्या शेवटी टाकायचं. बस. मराठी अक्षरं बिनबोभाट चालायची, माउसला हात लावावा लागायचा नाही, आणि चुकलं तर कुठली ओळ चुकली ते सांगायचं. तयार खेळ दगडूमामा पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. त्याचं परदेशी नाव मुलींच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला ‘फांदी’ म्हणायचो. ते फुकट मिळायचं.

निनादनं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेतोय हे कळावं म्हणून मध्ये मध्ये हुंकारही दिला. मग म्हणाला, “ताई, हे प्रोग्रॅमरचं साधन आहे. नवशिक्यांना असं नाही देत. नवशिक्याला दिसणारं साधन लागतं.”

“कुणाला दिसणारं?”

तो थांबला. या वेळी मान डोलवण्यासाठी नव्हे.

“ललिताबाई, ते पाहुणे आहेत,” शेणोलीकर साहेब म्हणाले आणि चहा मागवला.

“मला तुमच्या भावना कळतात,” निनाद म्हणाला. माझ्या भावना हा विषयच नव्हता, पण ज्याच्यापाशी मुद्दा नसतो त्याला समोरच्याच्या भावना फार लवकर कळतात. “पण शनिवारी पडद्यावर नुसती अक्षरं दिसणार? लोक काय बघणार?”

“ऐकतील.”

“फोटोत ऐकू येत नाही ना, ताई.”

सचिव हसले. निकाल लागला होता. चहा चांगला होता, तेवढा प्यायले.

शमीमबद्दल आता सांगायला हवं. ती उंब्रजची. तिचे वडील इलाही मुलाणी उंब्रजच्या स्टँडजवळ कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. आई ती लहान असतानाच गेली होती. शमीम दहावी झाली होती आणि पुण्याच्या एका संस्थेत ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करण्याचं प्रशिक्षण होतं, त्यात तिला जागा मिळाली होती. राहायची सोय होती. पुढं नोकरीची शक्यता बरी होती. अडलं होतं फक्त इलाहीभाईंच्या होकारावर, आणि ते दोनदा नाही म्हणाले होते. रागानं नव्हे. ते मुलीला शाळेत सोडायला यायचे तेव्हा फाटकापासून खोलीपर्यंत तिचा हात धरून यायचे, जिथं ती एरवी दिवसातून वीस वेळा एकटी धावत असायची. हात सुटला की त्यांचा आवाज बदलायचा.

मी त्यांच्याशी बोलले होते. ते म्हणाले होते, “बाई, वसतिगृहाच्या जिन्याला कठडा हाय का न्हाई कुणास ठाऊक. रस्त्यावर गाड्या केवढ्या. तिकडं तिला कोण बघणार?” शनिवारच्या कार्यक्रमाला पालकांना बोलावलं होतं. इलाहीभाई कळवून बसले होते, की कार्यक्रम झाला की ते ओळखीच्याचा टेम्पो घेऊन येतील आणि शमीमला तिच्या ट्रंकेसकट घरी नेतील. कायमची.

निनादच्या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला विचारलं गेलं, तुझं सगळ्यात मोठं स्वप्न काय? एकीनं मोबाइल सांगितला. एकीनं सांगितलं, इथल्या आमटीत डाळ असावी. शमीम म्हणाली, “एकटीनं पुण्याला जायचं.” निनादचा मदतनीस हे सगळं टिपून घेत होता. संध्याकाळी कथाचित्रात खेळ तयार झाला. त्याचं नाव ‘अंधारातली परी’. एक आंधळी मुलगी जंगलात हरवते, तिला एक परी भेटते, दिवा शोधायचा असतो, आणि दिवा सापडला की शेवटी मुलीला दृष्टी येते. जंगलाची चित्रं फार सुंदर होती म्हणे. सगळ्या मुलींच्या स्वप्नांचं मिळून ते केलं होतं. मोबाइल, डाळ आणि पुण्याची गाडी यांची बेरीज दृष्टी.

“शेवट बदला,” मी निनादला म्हटलं.

“ताई, हा शेवट ऐकून माझ्या असिस्टंटच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“त्याला दिसतंय. त्याच्या डोळ्यांचं काय ते तो बघेल.”

त्यानं ते विनोद म्हणून घेतलं. त्याच्याकडे हे एक कसब होतं, आपल्याला लागणारी गोष्ट तो विनोद म्हणून बाजूला ठेवायचा.

सकाळी कार्यशाळेत परी चालू असायची आणि शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत फांदी. मी कुणाला बोलावलं नव्हतं. मुली आपोआप येऊन बसायच्या. आपण लिहिलेलं वाक्य दगडूमामाच्या तोंडून परत ऐकू येतं, आणि आपण पर्याय दाबला की गोष्ट आपलं ऐकून वळते, याचा त्यांना नाद लागला. एकीनं भुताची लिहिली. एकीनं स्वयंपाकघरातल्या मावशींना भुताच्या जागी टाकून तीच पुन्हा लिहिली.

शमीम कोपऱ्यातल्या संगणकावर बसायची आणि कुणाला ऐकू देत नसे, कानाला हेडफोन. चुका झाल्या की मला हाक मारायची. पण फाइल वाचू द्यायची नाही. चुकलेली तेवढी ओळ स्वतः म्हणून दाखवायची. तारा विसरली होती, कुठं तुकड्याचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलं होतं. त्या नावांवरून मला एवढंच कळलं, की गोष्टीत स्टँड आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, “बाई, उद्या मी माझीच लावू?”

उद्या तिला जे काम दिलं होतं ते असं. तिनं मंचावरच्या संगणकासमोर बसायचं, कळफलकावर बोटं ठेवायची, आणि खेळ मागच्या बाजूनं निनादचा मदतनीस चालवणार. बोटं हलवली तरी चालतील, नाही हलवली तरी चालतील.

मी म्हटलं, “मला विचारू नकोस. विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल.”

“बरं, नाही विचारत,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सभागृहात मी एकच काम केलं. मोठ्या स्पीकरची वायर मंचावरच्या संगणकाला जोडली. साउंड तपासायचा होताच कुणालातरी.

कंपनीच्या साहेबांचं नाव वाघोलीकर. त्यांच्यासाठी दीपप्रज्वलन होतं. ते झाल्यावर निनाद बोलला. अंधार आणि प्रकाश हे शब्द त्याच्या भाषणात इतक्या वेळा आले, की माझ्या शेजारच्या सहावीतल्या मुलीनं मोजणं सोडून दिलं. मग तो म्हणाला, की आमची लाडकी शमीम आता प्रमुख पाहुण्यांना आपल्या स्वप्नांच्या जंगलात घेऊन जाईल. साहेब, तुम्ही फक्त पर्याय निवडायचे.

शमीमनं कळफलकावर बोटं ठेवली. आणि हलवली.

दगडूमामा मोठ्या स्पीकरमधून बोलायला लागला. त्याचा आवाज इतका मोठा आम्हीही कधी ऐकला नव्हता.

“तुम्ही उंब्रजच्या स्टँडवर उभे आहात. तुमच्या मुलीचा हात तुमच्या हातात आहे. तिला दिसत नाही. पुण्याची गाडी लागली आहे.”

निनाद माझ्या जवळून झटकन पुढं गेला. त्याच्या अत्तराचा वास आधी गेला, मग बुटांचा आवाज. पण वाघोलीकर साहेबांनी “अरे वा” म्हटलं होतं, आणि प्रमुख पाहुण्यानं अरे वा म्हटल्यावर आमच्याकडे कुणी काही बंद करत नाही.

“एक, तिची पिशवी तुम्ही घ्या. दोन, पिशवी तिला घेऊ द्या.”

“अर्थात मी घेणार,” साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच्या मुलीची पिशवी एका काल्पनिक स्टँडवर उचलल्याबद्दल टाळ्या.

कंडक्टर विचारतो, ही कुठं उतरणार? साहेबांनी निवडलं, तुम्ही उत्तर द्या. त्यानंतर कंडक्टर मुलीशी बोललाच नाही. शेजारची बाई म्हणाली, अरेरे, जन्मापासून का हो? साहेबांनी निवडलं, तिला सगळं सांगा. आणि मग गाडी सुरू झाली.

“एक, तिच्यासोबत चढा. दोन, खाली थांबा.”

“चढतो, चढतो,” साहेब म्हणाले.

“तुम्ही तिच्यासोबत पुण्याला जाता,” दगडूमामा म्हणाला. “वसतिगृहाच्या जिन्याला कठडा नाही. रस्त्यावर गाड्या फार आहेत. तुम्ही तिला परत घेऊन येता. मुलगी घरी आहे. सुरक्षित आहे. गोष्ट संपली.”

कठडा हा शब्द ऐकला तेव्हा मला समजलं, की शमीमनं मला फाइल का वाचू दिली नव्हती. सभागृहात पालक मागच्या रांगांमध्ये बसले होते. इलाहीभाई त्यांच्यातच कुठंतरी होते.

“एवढ्यात संपली?” साहेब म्हणाले. “पुन्हा लावा बुवा.”

या वेळी त्यांनी मोठं मन केलं, पिशवी मुलीला दिली. कंडक्टरलाही तिलाच उत्तर देऊ दिलं. प्रत्येक उदारपणावर लोक टाळ्या वाजवत होते. पण शेवटी गाडी सुरू झाल्यावर ते पुन्हा चढले. मुलगी घरी आहे. सुरक्षित आहे. गोष्ट संपली.

निनादनं माइक घेतला होता. त्यानं हसत हसत सांगितलं, की काहीतरी तांत्रिक घोटाळा झालेला दिसतो, आणि ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, कुठलाही पर्याय घ्या, शेवट एकच. म्हणूनच आम्ही दृश्य साधन वापरतो, त्यात असं लगेच दिसून येतं.

“चूक नाही, सर,” शमीम म्हणाली. तिला माइक नव्हता, पण तिचा आवाज तसाही पोचायचा. “शेवटचा दोन नंबर कुणी दाबलाच नाही.”

साहेब म्हणाले, “बाळ, आंधळ्या मुलीला एकटीला गाडीत कोण सोडेल?”

ते फार प्रेमानं म्हणाले. सभागृहभर सुस्कारे निघाले. सगळ्यांचं एकमत होतं, की कुणी सोडणार नाही. मी आयुष्यात खूप चांगल्या माणसांना भेटले आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माझा दंड धरून मला नको असलेला रस्ता ओलांडून दिला आहे.

मग मागून चपला ओढल्याचा आवाज आला. मधल्या वाटेनं कुणीतरी येत होतं. रॉकेलचा आणि घासलेल्या पितळेचा वास आला, आणि मी खुर्चीत ताठ बसले.

“कुठलं बटण?” इलाहीभाईंनी विचारलं.

शमीमनं त्यांचं बोट धरून कळफलकावर ठेवलं. “हा एक, अब्बा. हा दोन.”

खेळ सुरुवातीपासून लागला. त्यांनी एक दाबला. पिशवी घेतली. पुन्हा एक. कंडक्टरला उत्तर दिलं. गाडी सुरू झाली. थोडं थांबून त्यांनी एक दाबला.

मुलगी घरी आहे. सुरक्षित आहे. गोष्ट संपली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात मोठ्या.

“मग?” इलाहीभाई म्हणाले. ते फक्त शमीमशी बोलत होते. “यात वाईट काय झालं?”

“वाईट काही नाही, अब्बा. गोष्ट संपली, एवढंच.”

शेणोलीकर साहेबांनी उठून आभाराला सुरुवात केली, वेळ फार झाला, अल्पोपाहाराची सोय केलेली आहे. खुर्च्या सरकल्या. निनादनं मदतनिसाला परी लावायला सांगितलं. या गडबडीत इलाहीभाईंचा आवाज आला, “थांबा जरा.” मोठ्यानं नाही. कुकरचा वायसर बसवताना गिऱ्हाइकाला सांगावं तसा. आणि दगडूमामा पुन्हा म्हणाला, तुम्ही उंब्रजच्या स्टँडवर उभे आहात.

पिशवी त्यांनी या वेळीही स्वतःच घेतली. ती काही त्यांच्यानं सोडवली नाही. कंडक्टरपाशी गप्प बसले. शेवटी गाडी सुरू झाली आणि पर्याय वाचून झाले. मला वाटलं ते बटण शोधताहेत. ते शोधत नव्हते, कारण त्यांचं बोट त्यावरच होतं, शमीमनं मला हे नंतर सांगितलं, तिचा हात त्यांच्या मनगटावर होता.

त्यांनी दोन दाबला.

“तुम्ही खाली थांबता,” दगडूमामा म्हणाला. “गाडी निघते. खिडकीतून तिचा आवाज येतो. मग इंजिनाचा येतो. मग काही येत नाही. इथून पुढचे पर्याय तुमच्याकडे नाहीत.”

एवढंच. स्पीकरची घरघर चालू राहिली.

“पुढं?”

“पुढचं तिच्याकडं आहे, अब्बा.”

“म्हंजे तिचं काय होतं?”

“लिहिलं नाही,” शमीम म्हणाली. “मी अजून गेले कुठं आहे?”

टाळ्या वाजल्या नाहीत. अशा वेळी त्या कधी वाजवायच्या हे लोकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन-चार जण बाहेर बटाटेवड्यांकडे निघाले, मग सगळेच निघाले. मागं ‘अंधारातली परी’ लागली आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर एका मुलीला दृष्टी आली.

अंगणात इलाहीभाई मला शोधत आले. त्यांनी विचारलं, “बाई, त्या पुण्याच्या जिन्याला कठडा हाय?”

“आहे. दोन्ही बाजूंना.”

“हिला ठाऊक होतं?”

“तिनंच फोन करून विचारलं होतं तिथं.”

फाटकाबाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. इलाहीभाई बाहेर जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलले आणि टेम्पो रिकामाच गेला. ते परत आत आले नाहीत. चालतच स्टँडवर गेले असतील.

कार्यक्रमाची बातमी आली ती निनादची. अंध मुलींनी कथाचित्र वापरून साकारलं स्वप्नांचं जंगल, असा मथळा मला सहकाऱ्यांनी वाचून दाखवला. शमीमचा फोटो नव्हता, कारण तिच्या मागचा पडदा काळा आला होता. निनादनं नंतर या विषयावर बऱ्याच ठिकाणी भाषणं दिली असं ऐकलं. पुढच्या वर्षी संगणकाची खोली कथाचित्रवाल्यांकडेच चालवायला दिली आणि मुलींना फांदी उघडायला बंदी झाली, ते साधन प्रमाणित नाही म्हणून. प्रमाणित साधनातून दगडूमामा ग्राफिक ग्राफिक करत राहिला. मी ती नोकरी सोडली. शेणोलीकर साहेबांनी निरोपाला चहा मागवला.

शमीम जूनमध्ये पुण्याला गेली. ती पहिल्याच आठवड्यात चुकीच्या बसमध्ये बसून कात्रजला पोचली, तिथल्या एका भाजीवाल्याशी भांडली आणि जेवायच्या वेळेला परत आली. हे तिनं मला सांगितलं, वडिलांना नाही.

पाऊस सरत आला होता तेव्हा एका दुपारी इलाहीभाई माझ्या घरी आले. मी घरीच मुलांना शिकवायला लागले होते. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग म्हणाले, “बाई, ते तारे टाकायचं मला शिकवाल का?”

मी विचारलं, कशासाठी.

“तिनं माझं पुढचं लिहिलंच न्हाई. मी आपला तिथंच उभा.”

त्यांना मराठी लिहिता-वाचता येत होतं, संगणकाला मात्र त्यांनी त्या शनिवारीच पहिल्यांदा बोट लावलं होतं. मी त्यांना फांदी उघडून दिली. एक-एक अक्षर शोधत, वाक्याला अर्धा तास लावत त्यांनी पहिली ओळ लिहिली आणि दगडूमामानं ती वाचली. तुम्ही स्टँडवर उभे आहात, गाडी गेली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. मग तारा टाकला आणि लिहिलं, घरी जा. दुसरा तारा टाकला आणि थांबले.

बाहेर शाळा सुटलेली पोरं जात होती. मी वाट बघितली. शेवटी सांगितलं, की एकच पर्याय ठेवला तर साधन काही म्हणत नाही, खेळ चालतो, पण मग ती निवड होत नाही.

“त्ये कळतंय मला,” ते म्हणाले. “पर दुसरा अजून सुचंना.”

त्यांनी विचारलं, की हे असंच ठेवून पुढच्या जुम्म्याला आलं तर चालेल का. मी म्हटलं, चालेल. त्यांनी फाइल स्वतः बंद केली, चपला घातल्या आणि उंब्रजच्या गाडीला गेले.